डोलकाठी मोडल्यावर बोलणार कशावर?

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आम्ही लातूरची पोरं प्राथमिक शाळेत होतो. घागरी मोजत वाढलेल्या त्याच गल्लीतला माझा एक मित्र आता मुंबईत शिडाची होडी चालवायला शिकायलाय. परवा त्याने ग्रुपवर एका वॉकी-टॉकीचा फोटो टाकला. ‘घेऊ का? 8 वॅट आहे, रेंज जबरदस्त!’ उत्तरं आली, ‘घे की राव, वरातीतपण कामाला येईल.’ मी मात्र लिहिलं, ‘घेऊ नको.’ का, ते ग्रुपवर मावलं नाही, म्हणून इथे सांगतोय.

मोबाईल घेताना आपण रॅम बघतो, कॅमेरा बघतो, तसंच इथे वॅट बघतो. सवयच ती. पण समुद्रावरचा व्हीएचएफ रेडिओ साधारण सरळ रेषेत बोलतो. पृथ्वी गोल आहे, मधे पाण्याची पाठ आडवी येते. म्हणून तिथे वॅटपेक्षा उंचीला किंमत. उसाच्या फडात उभं राहून रस्ता दिसत नाही, माळवदावर चढलं की दिसतो, तसंच. फिजिक्सवाल्यांनी गणित करून बघा. अँटेना किती मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण 4 ने गुणा. आलं तेवढ्या किलोमीटरवर तिचं क्षितिज. छोट्या होडीत बसलेल्या दोघांच्या अँटेना 1 मीटरवर असतील, तर 4 आणि 4 मिळून 8. समोरच्याची अँटेना 16 मीटरच्या डोलकाठीवर असेल, तर 16 आणि 4 मिळून 20. हातातला संच तोच, वॅट तेवढेच.

मग कुणी म्हणेल, डोलकाठीवर अँटेना असलेला 25 वॅटचा मोठा संच होडीत असतोच, हातातला कशाला? तर डोलकाठी मोडते म्हणून. 2018 च्या सप्टेंबरमध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात होते. वादळात ‘थुरिया’ उलथली, डोलकाठी गेली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. उपग्रहावरून छोटे छोटे संदेश पाठवत त्यांनी जगाला कळवलं आणि फ्रान्सच्या एका जहाजाने त्यांना उचललं. तेवढ्या दूरवरून हातातला व्हीएचएफ किनाऱ्याशी बोलूच शकत नाही, हेही खरं. पण जवळ आलेल्या जहाजाशी तो बोलतो. आणि माझा मित्र महासागरात नाही, किनाऱ्यालगत फिरणार आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हातातला रेडिओ चांगल्या दिवसासाठी निवडायचा नसतो. सगळं बिघडलेल्या त्या एका तासासाठी निवडायचा असतो. तो पाण्यात पडला तर तरंगतो का? आयपीएक्स7 दर्जा आहे का, म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो का? ओल्या, थरथरत्या बोटांनी बटणं दाबता येतात का? चार्जिंग संपलं तर साधे सेल घालायची सोय आहे का? जीपीएस आणि लाल संकट-बटण असेल तर उत्तम. दाबलं की आजूबाजूच्या जहाजांना आपण कुठे आहोत ते आपोआप कळतं. पण त्यासाठी नऊ अंकी ओळख क्रमांक मिळवून संचात भरावा लागतो. तो भरलाच नाही, तर ते बटण नुसतं शोभेचं. आणि संच होडीच्या कप्प्यात ठेवायचा नाही, लाईफ जॅकेटला बांधायचा. माणूस पाण्यात आणि रेडिओ होडीत, असं झालं तर काय उपयोग?

आता त्या स्वस्तातल्या वॉकी-टॉकीचं. आपल्याकडे विनापरवाना वापरता येणारे संच 446 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. समुद्रावर संकटाची हाक ऐकली जाते ती चॅनल 16 वर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झवर. तुम्ही बोंबलत राहा, समोरच्या जहाजाच्या कानावर काहीच जाणार नाही. आणि समुद्री संचाला सरकारी परवाना लागतो. हे न सांगताच वॉकी-टॉकी विकल्या जात होत्या, म्हणून 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या. परवान्याची कटकट वाटते खरी, पण त्या निमित्ताने निदान नियम वाचले जातात.

आपल्याला हे सगळं परकं वाटतं, कारण समुद्र लांब आहे. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, त्यानंतर बाहेरच्या जगाशी बोलणं जोडायला हॅम रेडिओवालेही धावून आले होते. रेंज गेल्यावर काय, हा प्रश्न आपल्या आई-वडिलांच्या पिढीने जमिनीवरच सोसलाय. नांदेडात गोदावरी फुगते तेव्हा होडीतून माणसं काढणाऱ्यांनाही तो सुटत नाही.

मित्राला शेवटी एवढंच लिहिलं: दोन महिने थांब, पैसे साठव, पण खरा समुद्री संच घे. तोवर संच नसतानाच तालीम कर. तीनदा ‘मेडे’, होडीचं नाव, कुठे आहोत, काय झालंय, किती माणसं आहेत. घाबरल्यावर आठवत नाही भावा, तोंडात बसलेलं असावं लागतं.