बिऱ्हाडकरूचा झोपाळा

झुलत्या खुर्चीचे, अर्थात रॉकिंग चेअरचे, एक ठरीव चित्र आपणां सर्वांच्या मनात असते. व्हरांडा, उतरते ऊन, मांडीवर शाल आणि मिटत आलेले डोळे. जुन्या लाकडी सामानाचे विक्रेते हेच चित्र विकतात. साहित्याच्या वर्गांतही बहुधा हेच चालते. कथेत ही खुर्ची आली की समासात 'वार्धक्य' किंवा 'एकाकीपणा' असा शब्द लिहून विद्यार्थी पुढे सरकतो. या वाचनाविषयी आमची तक्रार आहे. झुलती खुर्ची विसाव्याची नसून बिऱ्हाडाची वस्तू आहे, आणि तिचे आकर्षणही तेथूनच येते, असे आम्हांस वाटते.

आरंभ भाषेपासून करू. झुलणाऱ्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पाळणा, झोपाळा, झुला, हिंदोळा, वऱ्हाडात बंगई. या खुर्चीला मात्र सर्वमान्य नाव नाही. कोणी तिला झुलती म्हणतो, कोणी डुलती, आणि बहुतेक जण रॉकिंग चेअर म्हणूनच मोकळे होतात. (आरामखुर्ची निराळी, तिच्यात माणूस रेलतो, पण ती स्वतः जागची हलत नाही.) आपल्याकडच्या या झुलत्या वस्तूंत एक साम्य आहे. त्या टांगलेल्या असतात. त्यांना तुळई लागते, कडी लागते, म्हणजेच घर लागते. युरोपातील पाळणा बहुतांशी जमिनीवरचा असे आणि त्याच्या तळाशी दोन कमानदार पट्ट्या असत. तान्ह्या मुलाच्या पाळण्याखालच्या या पट्ट्या मोठ्या माणसाच्या खुर्चीखाली आल्या आणि झुलती खुर्ची जन्मली. प्रौढ माणसाने कसे झुलावे हे जणू त्या त्या समाजाच्या पाळण्यानेच ठरवून ठेवले होते.

ही घटना अठराव्या शतकातली आणि प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींमधली. या खुर्चीच्या शोधाचे श्रेय बेंजामिन फ्रँकलिनला देण्याची प्रथा आहे, परंतु त्यास विश्वसनीय आधार नाही. आरंभीच्या कित्येक झुलत्या खुर्च्या तर मुळात साध्याच होत्या. मागाहून त्यांच्या पायांना पट्ट्या ठोकल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात शेकर या ख्रिस्ती पंथाने तिला साधे, नेटके रूप दिले. ब्रह्मचर्य आणि सामायिक मालमत्ता हे या पंथाचे नियम. तेथे ती प्रथम वृद्ध व आजारी सभासदांसाठी होती. पुढे न्यूयॉर्क राज्यातील माउंट लेबनॉन येथील शेकरांनी ० ते ७ अशा क्रमांकांच्या मापांत खुर्च्या करून बाहेरच्या जगाला विकल्या आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातही मांडल्या. ज्यांच्याकडे खासगी असे काहीच नव्हते, त्यांनी इतरांच्या घरांत एकट्याची खुर्ची पोहोचवावी, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

अमेरिकेत या खुर्चीने घरे आणि खाणावळी व्यापल्या, तेव्हा युरोपीय पाहुण्यांना त्याचे नवल वाटले, थोडा तिटकाराही वाटला. इंग्लिश लेखिका हॅरिएट मार्टिनो यांनी १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लहान पथिकाश्रमांतील या अखंड डोलण्याविषयी नापसंती नोंदविली आहे. बसायचे तर स्वस्थ बसावे, हा त्यामागचा संस्कार. परंतु युरोपही फार काळ दूर राहिला नाही. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने बीच वृक्षाचे लाकूड वाफेवर वाकवून १८६० मध्ये आपली पहिली झुलती खुर्ची काढली. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच तंत्राच्या कुळातल्या.

आता प्रश्न असा की, सतत हलणारी ही वस्तू अमेरिकेतच एवढी का रुजली? आमचे उत्तर असे की, तो समाज स्वतःच हलता होता. झोपाळा हा घराचा अवयव असतो. घर सोडताना कड्या मागे राहतात. झुलती खुर्ची हे सामान आहे. ती गाडीवर चढते, आगगाडीतून जाते, भाड्याच्या खोलीत कोणाचीही परवानगी न घेता मांडता येते. ज्याच्या डोक्यावरचे आढे त्याचे स्वतःचे नाही, त्याने जमिनीवर टेकवलेला हा झोपाळा आहे.

साहित्याने हे फार पूर्वी ओळखले. थिओडोर ड्रायझर यांची 'सिस्टर कॅरी' (१९००) ही कादंबरी पाहावी. खेड्यातून शिकागोत आलेली कॅरी बहिणीच्या भाड्याच्या घरात खिडकीशी झुलती खुर्ची ओढून बसते. पुढे न्यूयॉर्कमध्ये हर्स्टवुड नोकरीविना त्याच प्रकारच्या खुर्चीत वर्तमानपत्रे वाचत खचत जातो. कादंबरी संपते तेव्हा कॅरी यशस्वी नटी आहे, हॉटेलात राहते आहे आणि तरीही खिडकीशी झुलतेच आहे. कॅरी येथे तरुण आहे, हे विसरू नये. समासात 'वार्धक्य' लिहिणाऱ्याची येथेच पंचाईत होते. ज्याला पुढे जायचे आहे पण कोठे ते उमगत नाही, अशा माणसाची गती या खुर्चीत आहे. ती हलते, पण पोहोचत नाही.

सॅम्युएल बेकेट यांच्या 'मर्फी'त (१९३८) नायक लंडनमधील एका मोडकळीस आलेल्या जागेत सागवानी झुलत्या खुर्चीला स्वतःला रुमालांनी बांधून घेऊन बसलेला आपल्याला प्रथम भेटतो. जागा बदलतात, खुर्ची मात्र त्याच्याबरोबर राहते. मनोरुग्णालयात नोकरी लागल्यावर तेथील माळ्यावरच्या खोलीतही ती जाते. घर नसलेल्या माणसाचे तेवढेच घर. आणि १९८१ साली प्रथम रंगभूमीवर आलेल्या बेकेट यांच्याच 'रॉकबाय' या नाटिकेत एक स्त्री आपल्या आईच्या खुर्चीत बसून स्वतःचाच ध्वनिमुद्रित आवाज ऐकत असते. खुर्चीचे हात आत वळलेले, कवेत घेतल्यासारखे. नाटककाराची सूचना अशी की, खुर्ची त्या स्त्रीने झुलवायची नाही; ती यंत्राने झुलावी. पाळणा येथे पुन्हा पाळणा होतो, फक्त दोरी ओढणारे कोणी उरलेले नाही. 'एकाकीपणाचे प्रतीक' एवढे म्हणून येथे थांबणारा वाचक ही सूचनाच वाचत नाही, असे आम्ही म्हणू.

यावर कोणी म्हणेल की, तुम्ही झोपाळ्याचे गोडवे गाऊन खुर्चीला उणे लेखता. तसे नाही. झोपाळ्यावर दोघे बसले तर एकाच लयीत झुलावे लागते, ही गोष्ट सुंदर खरीच. पण ती लय बहुधा एकाचीच असे. ओटीवरच्या झोपाळ्यावर कोणी बसावे आणि कोणाच्या देखत उठून उभे राहावे याचे नियम होते, आणि ते सुनांना पाठ होते. झुलत्या खुर्चीने एकट्या बाईला खिडकीशी बसून, कोणाच्याही पायाच्या ठेक्याशी न जुळवता, आपल्या इच्छांचा विचार करण्याची मुभा दिली. कॅरीचे दुःख त्या मुभेची किंमत आहे. झोपाळ्याचे सुख आणि कॅरीचे स्वातंत्र्य एकाच आसनावर मिळत नाही. मोठे साहित्य हा पेच सोडवून देत नाही, तो आपल्यापुढे ठेवते.

आज शहरांतील सदनिकांच्या छताला तुळई नाही. झोपाळाही लोखंडी चौकटीला टांगून दिवाणखान्यात उभा केला जातो. म्हणजे तोही आता सामान झाला आहे. अशा घरांत जुनी झुलती खुर्ची हौसेने आणली जाते, यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. खंत आहे ती इतकीच की, तिच्याबरोबर तिची अस्वस्थता येत नाही. जॉन केनेडी यांनी पाठीच्या दुखण्यावर उपाय म्हणून, डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांच्या सल्ल्याने, झुलती खुर्ची वापरली. १९९६ च्या लिलावात त्यांच्या अशा एका खुर्चीला चार लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. ज्या लाकडाने एका माणसाची वेदना थोडी हलकी केली, ते लाकूड आता न हलवता जपायची ठेव झाले. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पट्ट्यांखाली पाचर सारून स्थिर केलेली, वाळलेले कपडे वाहणारी खुर्ची याच न्यायाची लहान आवृत्ती होय.

म्हणून अध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. पाठ्यपुस्तकातील कथेत झुलती खुर्ची आढळली, तर 'ही कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न थोडा लांबणीवर टाकावा. आधी विचारावे: हे घर कोणाचे आहे? खुर्ची कोठून आली? ती कोण हलवते आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मजकुरातच सापडतात, आणि ती हाती आली की प्रतीकाचा शोध बहुतेक वेळा घ्यावाच लागत नाही.