नातवासाठी टीव्ही, पण खोली सर्वांची

वाचकहो, टीव्हीची निवड हा आरोग्याचा विषय कसा, असा प्रश्न आपणांस पडेल. वडाळ्यातील माझ्या दवाखान्यात मात्र तो अलीकडे रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबरच येतो. नातवाला व्हिडिओ गेमचे कन्सोल मिळते, त्यामागोमाग मोठा टीव्ही येतो आणि जिथे आजी-आजोबांचा पलंग असतो, नेमक्या त्याच खोलीत तो लागतो. पुढे झोप लागत नाही, डोळे चुरचुरतात, मान आखडते, अशा तक्रारी सुरू होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. साहजिकच ‘थोडे पैसे घालून आणखी मोठा घेऊ’ हा मोहही वाढला आहे. माझे सांगणे एवढेच, की टीव्ही खेळणाऱ्यासाठी जरूर घ्यावा, पण त्याचे माप त्या खोलीत सर्वाधिक वेळ राहणाऱ्या माणसावरून ठरवावे.

पहिले माप अंतराचे. टीव्हीचा आकार म्हणजे पडद्याच्या कर्णाची लांबी. ती दीडपट केली की बसण्याचे साधारण अंतर मिळते. ४३ इंची टीव्हीसाठी सुमारे साडेपाच फूट, ५५ इंचीसाठी सात, तर ६५ इंचीसाठी आठ फूट. आपल्या शेजारच्या नायगावातील बीडीडी चाळीची खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात मिळणारे घर ५०० चौरस फुटांचे. घर तिप्पट झाले, तरी पलंग आणि भिंत यांतले अंतर तिप्पट होत नाही, याचा दुकानाच्या प्रशस्त दालनात विसर पडतो. म्हणून खरेदीपूर्वी उशीपासून भिंतीपर्यंत टेप लावून पाहावी. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला यावा. छताजवळ टांगलेल्या टीव्हीकडे तासन्‌तास पाहिल्याने मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांचा त्रास वाढतो.

दुसरे माप प्रकाशाचे. साठीच्या डोळ्यात, विशीच्या तुलनेत, साधारण एक तृतीयांशच प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. बाहुली लहान झालेली असते आणि नेत्रभिंग पिवळसर. शिवाय मोतीबिंदूची सुरुवात असल्यास प्रखर प्रकाशाने डोळे दिपतात. म्हणजे ज्येष्ठांना स्पष्ट चित्र हवे, पण चकाकी नको. टीव्ही खिडकीच्या अगदी समोर लावू नये आणि रात्री खोलीत मंद दिवा असू द्यावा. काही स्वस्त संचांत उजेड कमी केला की पडद्यामागचे दिवे अतिवेगाने लुकलुकतात व काहींचे डोके दुखते. दुकानात उजेड कमी करायला सांगून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडदा पाहावा. काळे पट्टे सरकताना दिसल्यास दुसरा संच पाहावा.

ओएलईडी पडद्यावरील काळा रंग फार सुंदर दिसतो. मात्र एकच आकृती रोज तासन्‌तास एका जागी राहिली, तर तिचा ठसा त्यावर कायमचा उमटण्याची शक्यता असते. दिवसभर बातम्यांची वाहिनी लावण्याची सवय असलेल्या घरात वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी हलत नाहीत. गेममधील गुणफलकही हलत नाही. अशा घरी साधा एलईडी संच अधिक निर्धास्त.

नातवाची मागणीही निराधार नसते. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो विलंब होतो, त्याला ‘इनपुट लॅग’ म्हणतात. टीव्हीतील ‘गेम मोड’ चित्रावरील अनावश्यक प्रक्रिया बंद करून तो कमी करतो. ही सोय असलीच पाहिजे. १२० हर्ट्झचा पडदा मात्र पीएस५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्ससारखे कन्सोल असेल तरच उपयोगाचा, आणि तेव्हाही काही मोजक्याच गेममध्ये. जाहिरातीतील आकडा पडद्याचा आहे की नुसत्या तंत्राचे नाव आहे, हे विचारून घ्यावे. वाचलेल्या पैशांत चांगला हेडफोन येईल.

हेडफोनचे महत्त्व मी मुद्दाम सांगतो. वय वाढते तसे आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘फ’, ‘त’ यांसारखी अक्षरे निसटतात. गेममधील स्फोटांच्या आवाजात घरातले बोलणे मग कळतच नाही आणि वृद्ध माणूस हळूहळू संभाषणातून बाजूला पडतो. वर सांगितलेल्या दोन्ही कन्सोलच्या कंट्रोलरलाच वायरचा हेडफोन लावता येतो. तो अवश्य वापरावा.

ऐंशीच्या घरातील एका आजींनी माझ्याकडे झोपेची गोळी मागितली. चौकशी केली, तेव्हा कळले की त्यांच्या पायथ्याशी रात्री एक वाजेपर्यंत गेम चालू असतो. ‘‘पोराचा दिवस क्लासमध्ये जातो, तेवढाच विरंगुळा. त्याला काही बोलू नका, डॉक्टर,’’ असे त्यांनी मलाच बजावले. या वयात झोपेच्या गोळीने रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे चालणे पूर्वीसारखे होत नाही. मी त्यांच्या मुलाला बोलावले. दहानंतर टीव्ही बंद, एवढे ठरले. गोळीची गरज उरली नाही. वाचकहो, घरातले वडीलधारे प्रेमापोटी तक्रार करीत नाहीत. ती आपणच विचारून काढावी लागते.

आणखी तीन सूचना. कन्सोलच्या वायरी चालण्याच्या वाटेत नकोत. भिंतीलगत पट्टीत बसवाव्यात. चक्कर येण्याचा विकार असलेल्यांनी वेगाने फिरणारी गेमची दृश्ये पाहत बसू नये. घरात कुणाला अपस्मार, म्हणजे फिट्स, असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटामुळे शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. मोठ्या पडद्याजवळ, अंधारात बसल्याने हा धोका वाढतो. असा झगमगाट अचानक समोर आल्यास एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून नजर वळवावी.

खरेदीच्या दिवशी आजी-आजोबांनाही सोबत न्यावे. पडद्यावरील अक्षरे वाचता येतात का, बोलणे कळते का, रिमोटची बटणे बोटांना सापडतात का, हे दुकानातच पाहावे. आणि घरी आल्यावर नातवाने दुसरा कंट्रोलर एकदा आजीच्या हाती द्यावा. सुरुवातीला खुर्चीत बसून खेळता येईल असा सोपा गेम निवडावा; अर्धा तास पुरे. दहाची वेळ पाळणे मग दोघांनाही सोपे जाईल.