कारखाना त्यांचा, कॉलेजही त्यांचंच

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग-मेडिकल कॉलेजांना परवानगी दिली. कॉलेजं कुणी काढली? साखर कारखान्याच्या पुढाऱ्यांनीच बरीचशी. मागणारे तेच, सरकारात देणारेही तेच! देणगीचा बाजार एवढा माजला की १९८७ ला बंदीचा कायदा करावा लागला.

अन् त्यांचा ऊस तोडतो कोण? आपण, बीडची माणसं. दसरा झाला की पोरं आपल्यासंगं फडावर, सहा महिने कोपीत. शाळेच्या पटावर नुसतं नाव. (गुरुजी हजेरी लावतात, ते वेगळंच.) साहेबांच्या पोरांसाठी कॉलेज निघतं, मग फडावर चौथीपर्यंतची शाळा का निघत नाही?

औंदा मुकादमाची उचल घेण्याआधी जमिनीच्या अर्जासंगं पोरांच्या नावांची यादी तहसीलला द्यायची. फडावर शाळा, नाहीतर गावात वसतिगृह.