सिनेमा पाहावा, पण पुरता पाहावा



सिनेमाचे नाव काढले, की घरात दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, "चला, जाऊ या!" मोठी माणसे म्हणतात, "अभ्यास बुडेल, पैसा जाईल आणि मुले मारामारी शिकतील." तुमच्या घरीही असेच होत असेल. मला वाटते, दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. म्हणून या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या.

17 नोव्हेंबर 2023 रोजी बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली आणि तळोज्याहून खारघरला जाणे सोपे झाले. पनवेलही फार दूर नाही. चित्रपटगृह असे जवळ आले, म्हणून ऊठसूट तिकडे धावावे काय? मुळीच नाही. तिकिटाचा पैसा अब्बांच्या घामाचा असतो. पण वर्षातून दोन-चार चांगले चित्रपट घरच्यांबरोबर पाहिले, तर तो पैसा वाया गेला असे मी म्हणणार नाही.

कार्टून चित्रपटांचेच उदाहरण घ्या. पडद्यावर एका सेकंदात 24 चित्रे सरकतात. म्हणजे एका मिनिटात 1440 चित्रे! एखादा ससा पडद्यावर उडी मारतो, तेव्हा त्या उडीमागे कितीतरी चित्रकारांचे कष्ट असतात. आपल्या देशात अशा कष्टांची सुरुवात दादासाहेब फाळके यांनी केली. 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि ते कसे वाढते याची थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घेतली. ती सलग दाखवताच रोप डोळ्यांसमोर भराभर वाढू लागले. असा धीर असणाऱ्या माणसानेच पुढे 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला. आजची कार्टूने संगणकावर तयार होतात, तरी हा धीर लागतोच. 2023 साली आलेला स्पायडर-मॅनचा एक कार्टून चित्रपट भारतात मराठी, हिंदी, इंग्रजी यांसह दहा भाषांत दाखवला गेला. असा चित्रपट मराठीत पाहिला, तर मजाही येते आणि भाषाही कानावर पडते.

आता मारधाडीच्या चित्रपटांकडे वळू. ते आवडणे हा काही गुन्हा नाही. दुबळ्याच्या बाजूने कोणी उभे राहिले, की आपल्याला आनंद होतो. 1935 साली मुंबईत 'हंटरवाली' नावाचा चित्रपट निघाला. त्यात अन्यायाशी लढणारी नायिका होती नादिया. धाडसाची कामे ती स्वतः करीत असे. पण लक्षात घ्या, त्याआधी तिने सर्कशीत काम केले होते आणि शरीर कमावले होते. आजही पडद्यावरच्या उडीमागे दोर असतो, खाली गाद्या असतात आणि सरावाचे अनेक दिवस असतात. संगणक तो दोर चित्रातून पुसून टाकतो. म्हणून आपल्याला फक्त उडी दिसते, दोर दिसत नाही.

आपल्या तळोज्यात औद्योगिक वसाहतीच्या जड मालमोटारी रस्त्यांवरून धावतात. दिवा-पनवेल रेल्वेमार्गही येथूनच जातो. अशा ठिकाणी कोणी नायकाची नक्कल करीत मोटारसायकल एका चाकावर उचलली किंवा गाडीच्या दारात लोंबकळले, तर त्याला वाचवायला ना दोर असतो ना गादी. पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा चित्रित करता येतो. रस्त्यावर दुसरी संधी मिळत नाही.

काही जण म्हणतील, "चित्रपटगृहात कशाला जायचे? फोनवर सगळे दिसते." फोनवर बहुधा तुकडे दिसतात. ठोसा दिसतो, पण त्याचे कारण दिसत नाही. सूड दिसतो, पण पश्चात्ताप दिसत नाही. चित्रपटगृहात अडीच तास बसले, म्हणजे गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कळते. शेकडो अनोळखी माणसे एकदम हसतात, एकदम गप्प होतात. त्या वेळी शेजारी बसलेला कोण, त्याची भाषा कोणती, हे कोणी विचारीत नाही. 1936 चा मराठी 'संत तुकाराम' ठाऊक आहे ना? 1937 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याचे दोन दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघांनी खांद्याला खांदा लावून ते काम केले.

चित्रपट निवडताना मात्र प्रमाणपत्र पाहावे. 2023 च्या कायद्याने 'यूए' वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन भाग केले आहेत. आपल्या वयाचा आकडा कोणता, हे अम्मी-अब्बांना दाखवूनच तिकीट काढावे. चोरून पाहिलेल्या चित्रपटात मन अर्धे पडद्याकडे आणि अर्धे घराकडे असते.

मुलांनो, आणखी एक सांगायचे आहे. पुष्कळ घरांत भाऊ सिनेमाला जातो आणि बहीण घरी राहते. हे बरोबर नाही. नव्वद वर्षांपूर्वी एक मुलगी पडद्यावर तलवार घेऊन उभी राहिली, तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतले. मग आपल्या बहिणीला तो पडदा नुसता पाहायलाही मिळू नये काय? पुढच्या वेळी घरात सिनेमाची गोष्ट निघेल, तेव्हा तिच्या तिकिटाचीही आठवण करून द्या. आणि चित्रपट संपल्यावर लगेच उठू नका. पडद्यावर सरकणारी ती बारीक अक्षरांतली नावे थोडा वेळ वाचा. ज्यांचे चेहरे दिसले नाहीत, त्या माणसांची ती नावे आहेत.