अर्ध्या मजुरीचा परोपकार

अपंग कामगार निम्मे काम करतो, मग त्याला निम्मी मजुरी दिली तर अन्याय तो कोणता, असा प्रश्न सज्जन मंडळी विचारतात. दुर्जनांनी विचारला असता तर उत्तर देणे आम्हांस सोपे गेले असते.

अमेरिकेने 1938 सालीच हा हिशोब कायद्यात बसविला. किमान वेतन देणाऱ्या त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने, परवानाधारक मालकास अपंगांना त्याहून कमी मजुरी देण्याची मुभा दिली. आज त्या मजुरीस खालची मर्यादाही नाही. ती घड्याळ लावून ठरते: धडधाकट माणूस तासाला शंभर पाकिटे भरतो आणि हा तीस, तर मजुरीही शंभरास तीस. धडधाकटाच्या चहाच्या सुट्टीला मात्र कोणी घड्याळ लावीत नाही! आणि हे परवाने बाळगणारे बहुतांशी कोण? कारखानदार नव्हेत, सेवाभावी संस्था.

आयोवा राज्यातील अटालिसा गावी एका जुन्या शाळेत बौद्धिक अपंगत्व असलेले पुरुष ठेवले होते. जवळच्या कारखान्यात टर्की पक्षी साफ करण्याचे काम ते वर्षानुवर्षे करीत. हाती पडत महिना 65 डॉलर. त्यांचे काम इतरांच्या तोडीचे होते! 2009 मध्ये हे उघडकीस आले. 2013 मध्ये ज्यूरीने 32 जणांना 24 कोटी डॉलर देवविले; कायद्याच्या कमाल मर्यादेने ते सुमारे सोळा लाखांवर आणले.

‘पूर्ण मजुरी मागाल तर आहे ते कामही जाईल’ हा धाक जुना आहे. व्हर्मॉन्ट राज्याने 2002 साली अशी शेवटची कार्यशाळा बंद केली आणि सोबत मदतनीस देऊन माणसांना नेहमीच्या दुकानांत, कारखान्यांत कामाला लावले. संपूर्ण देशात ही सवलत टप्प्याटप्प्याने संपविण्याचा प्रस्ताव मात्र डिसेंबर 2024 मध्ये आला आणि जुलै 2025 मध्ये मागे घेतला गेला.

आपण हसू नये. आपल्या 1948 च्या किमान वेतन कायद्यातही, अपंगांच्या वेतनाला तो लागू करू नये असा आदेश देण्याचा अधिकार कलम 26 ने सरकारला दिला होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात अपंगांच्या न्याय्य मोबदल्याचा आणि बढतीचाही उल्लेख केला आहे. बढती! आमच्या संस्थांना तर मजुरी हाच शब्द अवघड वाटतो. त्या ‘खाऊचे पैसे’ म्हणतात. नाताळच्या विक्रीत ‘आमच्या मुलांनी बनविलेल्या’ मेणबत्त्या आपण कौतुकाने घेतो. त्यांतील कित्येक मुले चाळिशी ओलांडलेली असतात. यंदा मेणबत्ती घेताना विक्रेत्यास एवढेच विचारावे: या किमतीतले त्यांच्या हाती किती जाते?