रानपिंगळ्याची साक्ष

वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें सुटीच्या दिवशीं मुलांस दाखवावयाचा अजबखानाच उभा राहतो. तेथील वस्तूंचें परीक्षण करणारे पंडित पाहिजेत व त्यांच्या वेतनाची तजवीज झाली पाहिजे, असें कोणी म्हणतांच, ‘मेलेल्या पाखरांवर कसला खर्च?’ असा प्रश्न येतो. ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्याच खानदेशांतील एका घुबडानें देऊन ठेविलें आहे.

रानपिंगळा ह्या लहानशा घुबडाचें शास्त्रीय वर्णन ह्यूम साहेबांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें खानदेशांत सरकारी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनीं शहादें-तळोदें भागांत त्याचे कांहीं नमुने जमविले. १८८४ नंतर नोंद एकच: १९१४ सालीं तापीकांठच्या मांडवीस आपण हा पक्षी मिळविला, असें कर्नल माइनर्ट्झहॅगन यांचें म्हणणें. कर्नलसाहेब नांवाजलेले पक्षितज्ज्ञ. त्यांचा शब्द कोण खोटा म्हणणार? त्या शब्दावर विसंबून शोधकांची वाट चुकली, पक्षी दिसेना, आणि तो नामशेष झाला असावा असा समज पसरला.

अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या विदुषी पामेला रासमुसेन यांनीं मात्र जंगलाआधीं कपाटें धुंडाळिलीं. इंग्लंडांतील ट्रिंग येथें जतन केलेला तो ‘१९१४ चा’ नमुना त्यांनीं बारकाईनें तपासला. क्ष-किरणांखालीं त्याचा अंतर्भाग पाहिला, शिवण व आंतील भरण ह्यांची डेव्हिडसनच्या पक्ष्यांशीं तुलना केली. निष्कर्ष स्पष्ट निघाला: पक्षी डेव्हिडसनच्याच हातचा, कर्नलसाहेबांनीं तो लांबवून, पुन्हां भरून, वर स्वतःची चिठ्ठी लाविली होती! चिठ्ठी खोटें बोलली, शिवणीनें खरें सांगितलें.

खतावणींतील एक खोटी रक्कम सांपडली म्हणजे सारा हिशेब कसा जुळून येतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगणें नको. मांडवीची नोंद बाद होतांच भरवशाचीं जुनीं ठिकाणें तेवढीं उरलीं. तीं पाहत पाहत ह्या बाई दोघां सहकाऱ्यांसह नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळच्या रानांत आल्या. तों ११३ वर्षांनीं रानपिंगळा समोर फांदीवर बसलेला! पुढें मेळघाटांतहि त्याची वस्ती आढळली, आणि २०१४ सालीं मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या तानसा भागांतहि तो दिसला. जो पक्षी गेला असें समजलें जात होतें, त्याच्या रानाच्या रक्षणाचा प्रश्न आतां उभा राहिला, हें ह्या संशोधनाचें खरें फळ होय.

कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर संग्रहालय हें पुराव्याचें दप्तर आहे. अस्सल दस्तऐवज जपलेला असला तरच बनावट उघडकीस येतो. २ सप्टेंबर २०१८ रोजीं ब्राझील देशांतील राष्ट्रीय संग्रहालयास आग लागून सुमारें दोन कोटी वस्तूंपैकीं बहुतेक जळाल्या. तेथील कित्येक साक्षीदारांची उलटतपासणी आतां कधींच व्हावयाची नाहीं.

आमच्या खानदेशच्या पक्ष्याची साक्ष इंग्लंडांत पडून होती, आणि ती काढावयास अमेरिकेंतून विदुषी यावी लागली. तिचे आम्ही ऋणीच आहों. परंतु ही गोष्ट आम्हांस लाज आणणारी आहे, हेंहि कबूल केलें पाहिजे. साधनें आमच्याकडे नाहींत असें नाहीं. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून उभी आहे. तिच्या संग्रहांत लाखावर नमुने आहेत. उणीव आहे ती आयुष्यभर कपाटांत डोकें घालून बसणाऱ्या माणसांची, व त्यांस पोसणाऱ्या समाजाची. आमचे धनिक इमारती बांधून देतात, संगमरवरावर नांव कोरून घेतात. तें पुण्य आम्ही हलकें मानीत नाहीं. पण पुढचें दान द्यावयाचें तें एका संशोधकाच्या वेतनास द्यावें, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे. दप्तर असून कारकून नाहीं, अशी पेढी कोणता सावकार चालवील?