आधी माल बांधायला शिका, मग स्टिअरिंग धरा

आपल्या वस्तीतली अनेक मुलं ट्रकवर क्लीनर म्हणून चढतात आणि उस्तादाच्या हाताखाली गाडी शिकतात. कळंबोली, तळोजा, जालना, बुटीबोरी अशा ठिकाणी लोखंडाचा माल वाहणाऱ्या सपाट ट्रेलरवर त्यातल्या काहींना काम मिळतं. घरच्यांचा प्रश्न एकच असतो, ‘हेवी लायसन्स कधी निघणार?’ माझं म्हणणं असं की त्याआधी विचारा, ‘माल बांधायला शिकलास का?’

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण जीव घेणारी किंवा कायमचं अपंगत्व देणारी इजा टाळणं हेही आरोग्याचंच काम आहे.

सपाट ट्रेलरला बाजूचे फळके नसतात. मालाला धरून ठेवतात त्या साखळ्या, पट्टे आणि लाकडी ठोकळे. ड्रायव्हरची केबिन मालाच्या बरोबर पुढे असते. ब्रेक दाबला की गाडी थांबते, माल मात्र पुढे जाऊ पाहतो. ‘एवढी जड कॉइल, ती कुठे हलतेय?’ हा समज घातक आहे. वजन जेवढं जास्त, तेवढा पुढे जाण्याचा रेटाही जास्त. जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ०.८ पट रेटा पुढे येईल, असं धरून बांधणी करा, असं अमेरिकेतला नियम सांगतो. म्हणजे २० टनांच्या मालाला १६ टनांचा रेटा, आणि तो केबिनच्या दिशेने.

ही विद्या अवघड नाही, शिकवावी मात्र लागते. त्याच नियमानुसार सगळ्या साखळ्या-पट्ट्यांची मिळून वापरायची क्षमता मालाच्या वजनाच्या निदान निम्मी हवी. २० टनांच्या मालाला अडीच टनांचे किमान चार पट्टे झाले. क्षमता मोजताना पट्टा कितीला तुटतो तो आकडा घ्यायचा नाही, कितीपर्यंत वापरायचा तो घ्यायचा. गोल कॉइलला पट्टे पुरत नाहीत, दोन्ही बाजूंनी पक्की पाचर लागते. धारदार कडेवर पट्टा थेट घातला तर तो कापला जातो, म्हणून मध्ये संरक्षक कोपरा ठेवायचा. गाडी निघाली की माल बसतो आणि बांधणी सैल पडते. म्हणून पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून तपासायचं. पुढेही दर २४० किलोमीटरला किंवा तीन तासांनी, जे आधी होईल तेव्हा, पुन्हा पाहायचं.

बांधताना होणाऱ्या इजा वेगळ्याच. साखळी आवळायच्या दांड्याला लांब पाईप लावून जोर काढू नका. दांडा उसळला तर जबडा किंवा मनगट मोडतं. दांड्याच्या रेषेत तोंड ठेवू नका. मालावर चढताना बूट घाला, ओल्या ताडपत्रीवर पाय देऊ नका, वरून उडी मारू नका. क्रेनवर टांगलेल्या मालाखाली कुणीही उभं राहू नये. हातमोजे आणि हेल्मेट मालकाने द्यायचे असतात. ते मागायला लाजायचं कारण नाही.

आता कायद्याचं. माल वाहणारी गाडी चालवायला वय २० पूर्ण हवं, आणि तिचं शिकाऊ लायसन्स घेण्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर असावं लागतं. डॉक्टरांचा दाखलाही लागतो. तो नुसत्या सहीपुरता उरकू नका, डोळे खरोखर तपासून घ्या. मान्यताप्राप्त केंद्रांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा ठरवला आहे. माल गाडीबाहेर मर्यादेपलीकडे निघाला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड आहे. दंड भरला म्हणून केबिनमध्ये घुसलेली सळई मागे जात नाही.

कुणी म्हणेल, उस्तादाकडे पाहून मुलं शिकतातच की. शिकतात, पण उस्तादाची घाईही शिकतात. फेरीवर पैसे मिळत असतील तर बांधणीला दिलेला अर्धा तास वाया गेला असं वाटू लागतं, आणि झोपही त्याच हिशेबात कापली जाते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. अपुऱ्या झोपेतला माणूस सैल साखळीकडे पाहून ‘चालतंय’ म्हणतो.

म्हणून मालकांनी बांधणीच्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि नव्या मुलाला रिकाम्या आवारात निदान काही दिवस फक्त बांधणी करायला लावावी. आपल्या मंडळांनीही वाहन शिकणाऱ्या मुलांसाठी एखादा रविवार ठेवावा आणि जुन्या, जाणत्या ड्रायव्हरला बोलवून साखळी, पट्टा, पाचर हातात देऊन शिकवावं. आणि तरुण मित्रांनो, बांधणी पटली नाही तर गाडी हलवू नका. एक भाडं गेलं तर दुसरं मिळतं.